शिरासागीचा शेवटचा हिवाळा

टोकियोजवळच्या ग्योतोकुला हिवाळा आला हे मला आकाशावरून कळत नाही, दाराच्या मुठीवरून कळतं. एका सकाळी बाहेर जायला म्हणून मूठ धरावी आणि बोटाला टचकन झटका बसावा, इतकी हवा कोरडी झालेली असते. मग ओठ फुटतात, टाचा खरखरीत होतात, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो आणि माझ्या पोटात एक जुनी, ओळखीची जळजळ सुरू होते. ॲसिडिटी नव्हे. मत्सर.

दर डिसेंबरात मी पुण्याहून लेकीकडे येते. सानिका इथे एका जपानी कंपनीत नोकरी करते. दिवसभर जपानी माणसांसारखी कमरेत वाकते आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातचं पिठलं खाते. पिठलं ढवळता ढवळता मी खिडकीतून बाहेर पाहते. खाडीच्या बाजूला गोदामांच्या लांबलचक पांढऱ्या भिंती दिसतात. त्यातल्या एका भिंतीच्या जागी पूर्वी बर्फाची रिंक होती आणि तिथे शिरासागी नावाची लहान मुलांची आईस हॉकीची टीम खेळायची. आता रिंक गेली, टीम गेली. त्या टीमची आठवण काढणारी माणसंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. त्यातलं एक बोट माझं, पण मी तिची आठवण प्रेमाने काढते असं कुणी समजू नये.

दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. टोकियोत कॉम्प्युटरवाल्या भारतीयांची रीघ लागली होती. माझा नवरा अभयही एका जपानी बँकेच्या सिस्टिमवर काम करायला म्हणून आला आणि पाठोपाठ मी, सात-आठ वर्षांच्या सानिकाला घेऊन. निशी-कसाईला आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये शिरलं की कुणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास यायचा. शनिवारी कुणाकडे तरी पॉटलक. पुरुष एका कोपऱ्यात व्हिसा आणि प्रोजेक्ट बोलायचे, आम्ही बायका तूरडाळ कुठल्या दुकानात आली आहे ते. मुलं मध्येच जपानीत भांडायची आणि आम्हाला कौतुक वाटायचं. त्या कौतुकाचं पुढे काय होणार आहे हे तेव्हा कळायला हवं होतं.

सानिकाला आम्ही जपानी शाळेत घातलं होतं. शाळेची सहल रिंकवर गेली. बाकीची मुलं कठड्याला धरून होती म्हणे, आणि ही मध्यभागी जाऊन धपाधप पडत होती आणि हसत होती. शिरासागीच्या कोचनी ते पाहिलं. पुढच्या आठवड्यात शाळेच्या दप्तरातून एक निळा कागद घरी आला, त्यावर एका पायावर उभा असलेला बगळा. शिरासागी म्हणजे पांढरा बगळा. ग्योतोकुच्या पाणथळीत ते पुष्कळ असतात. बर्फावर पहिल्यांदा उभं राहिलेलं मूलही तसंच दिसतं, सगळं वजन एका पायावर आणि चेहरा एकदम गंभीर.

बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, "अगं, आईस हॉकी? दात-बित पडले तर? भरतनाट्यमचा क्लास आहे ना कसाई स्टेशनजवळ, तिथे घाल." मलाही तेच वाटत होतं. पण अभयला फार हौस. "आपण कुठे लहानपणी बर्फ पाहिला होता?" तो म्हणाला. "गोळ्याचा सोडून."

शिरासागीचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. मला तो रिंकच्या बाकावर बसून, थंडीने पाय आपटत, तुकड्यातुकड्यांनी कळला. कोच आणि त्यांची बायको, दोघं मूळचे उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच्या कुशिरोचे. तिकडे हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर पाणी सोडून ठेवतात आणि सकाळी त्याचीच रिंक झालेली असते. लग्नानंतर दोघं ग्योतोकुला आले, स्टेशनजवळ कपड्यांच्या ड्राय-क्लीनिंगचं दुकान टाकलं. जपानच्या भरभराटीच्या दिवसांत खाडीकाठी ती रिंक झाली. गावाकडचा बर्फ चालत दारात आला म्हणून कोचनी गल्लीतली पोरं गोळा केली आणि टीम उभी केली. दुकानाच्या भिंतीवर त्या काळाचे फोटो होते. एकेका फोटोत इतकी मुलं की मागच्या रांगेतल्यांची नुसती शिरस्त्राणं दिसायची. मग एकेक फोटो विरळ होत गेला. कुणाला बेसबॉलने नेलं, कुणाला फुटबॉलने, कुणाला शिकवणीने. मुळात मुलंच कमी जन्माला येत होती. आम्ही आलो तेव्हा बदली खेळाडूंचा बाक जवळजवळ रिकामा असायचा. त्या रिकाम्या बाकावर माझ्या मुलीला जागा मिळाली. जपानमधल्या कमी जन्मदराचा असा थेट फटका बसलेली मी एकटीच भारतीय बाई असेन.

आणि कोचची बायको. मोरिता-सान.

इथे जरा थांबून मला श्वास घ्यायला हवा. मोरिता-सान दिसायला अगदी साध्या. आखूड केस, बिनबाह्यांचं जाड जाकीट, गालांवर कायम लाली. आवाज कधी चढायचा नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा गोलकीपर होता, तो हायस्कुलात जाण्याआधीच बेसबॉलला निघून गेला होता. तरी ह्या बाई दर सरावाला हजर. स्वतःचं मूल टीममध्ये नसताना एखादी बाई भल्या सकाळी त्या शीतपेटीत येऊन का बसेल? मला त्याचं एकच उत्तर दिसायचं. माझं मूल तिथे होतं म्हणून.

सगळं नाड्यांपासून सुरू झालं. हॉकीच्या स्केटच्या नाड्या बांधणं म्हणजे शाळेच्या बुटाची नाडी बांधणं नव्हे. टाच मागे ठोकून बसवायची, मग बोटांपासून वर एकेक फुली आवळत यायची, घोट्याशी सगळ्यात जास्त. पहिल्या दिवशी मी बांधल्या. सानिका बर्फावर गेली आणि तिचे पाय मध्येच आत वळले, नव्या जन्मलेल्या वासरासारखे. मोरिता-सान उठल्या, तिला कडेला घेतलं, मांडीवर टॉवेल टाकला, तिच्या स्केटचं पातं दोन गुडघ्यांत धरलं आणि ओढत, आवळत, ओढत, आवळत वर आल्या. "थोडं दुखतंय?" त्यांनी विचारलं. सानिकाने मान हलवली. "मग बरोबर बांधलंय," त्या म्हणाल्या. एवढं जपानी मला समजलं. दुसऱ्या आठवड्यात मी नाड्या हातात घेणार तोच सानिकाने पाय मागे घेतला. "आई, तू नको. मोरिता-सान." आणि मोरिता-सानांपुढे इतर मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मुलांना कळत नाही. पोटच्या पोरीने पाय मागे घेतला तर तो कुठे लागतो, ते.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. तिथे आयांची पाळी असते, तोबान म्हणतात. ज्या आईची तोबान असेल तिने मुलांना गार बार्लीचा चहा ओतायचा, कोचना गरम चहा द्यायचा, बाक पुसायचे, शेवटी सगळ्यांना वाकून धन्यवाद द्यायचे. मी माझ्या पाळीला परीक्षेला जावं तशी तयारी करून जायची. पण चूक कुठून होईल सांगता येत नाही. शनिवारी सानिकाच्या डोक्याला मी खोबरेल तेल चोपडायची, अगदी कानशिलांवरून ओघळेल असं, आमच्याकडे रविवारच्या न्हाणाआधी चोपडतात तसं. रविवारी न्हाणाच्या आधी सराव. बर्फावर तिचं हेल्मेट पुढे घसरलं आणि डोळ्यांवर आलं. मागे ढकललं तर पुन्हा पुढे. कोच हसू दाबत होते. मोरिता-सानांनी ते काढून घेतलं. हेल्मेट दुकानात घेऊन गेल्या आणि मधल्या वारी स्वच्छ करून आणून दिलं. आतल्या स्पंजला कसलातरी सौम्य, साबणाचा वास येत होता. मी रागाने ते हुंगत राहिले. जर्सीचंही तेच. सगळ्या टीमच्या जर्सी मोरिता-सानांच्या दुकानातच धुतल्या जायच्या, इस्त्री होऊन पिशवीत यायच्या. माझ्या मुलीचा घामट कपडासुद्धा माझ्या हाती लागत नव्हता.

मग आला पहिला सामना. ह्यात तरी मी कुणाचं ऐकणार नव्हते. आपल्याकडे कुणी परीक्षेला, प्रवासाला, मोठ्या कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवतात. तेव्हा इथल्या दह्याच्या डब्याच्या झाकणाखाली साखरेची छोटीशी पुडी मिळायची. जपान्यांनी ती आपल्या दही-साखरेसाठीच ठेवली आहे अशी माझी खात्री होती. रिंकच्या दारात मी सानिकाला थांबवलं, डबा उघडला, पुडी फोडली, तिच्या उजव्या तळव्यावर दही ठेवलं. तिने चाटून खाल्लं. माझ्या मनात आलं, हे घ्या. हे कुशिरोत नाही मिळायचं.

मोरिता-सान मागेच उभ्या होत्या. त्यांनी सानिकाला विचारलं. सानिकाने जपानीत काहीतरी सांगितलं, हात हलवून, बरंच लांबण लावून. मोरिता-सानांचे डोळे मोठे झाले. "छान," त्या म्हणाल्या आणि मला वाकून नमस्कार केला. मीही वाकले. वाकताना मला विजयी वाटत होतं.

पुढच्या सामन्याला मी दह्याचा डबा घेऊन पोचले तर आत खोलीत सगळी टीम ओळीने उभी. पायांत स्केट, हातांत जाडजूड ग्लोव्ह, प्रत्येकाचा आ वासलेला. मोरिता-सान दह्याचं भलंमोठं भांडं घेऊन एकेकाच्या तोंडात चमचा घालत होत्या. ग्लोव्ह घातल्यावर तळहात कुठून येणार, म्हणून थेट तोंडात. बगळ्याची पिल्लं घरट्यात वासतात तशी ती तोंडं. त्या रांगेत माझी मुलगी होती. तिच्या तोंडात चमचा गेला, तिने गिळलं, ओठ पुसले आणि बर्फावर पळाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. पाहिलं नाही म्हणजे मुद्दाम नव्हे. तिच्या लेखी दही मिळालं होतं.

मी माझा डबा न उघडता परत आणला. तोझाई लाइनच्या गाडीत तो मांडीवर धरून बसले होते. संध्याकाळी मी त्याची कढी केली. अभय म्हणाला, "आज कढी फार फर्मास झालीय." मी म्हटलं, "गोड नाही ना झाली?" आणि साखरेची पुडी केराच्या डब्यात टाकली. इथे जळणाऱ्या कचऱ्याचा डबा वेगळा असतो, त्यात.

त्या दिवसापासून दही हा शिरासागीचा रिवाज झाला. दुसऱ्या टीमची मुलं त्यांना दहीवाले म्हणायला लागली. शिरासागी हरायचे. बहुतेक सामने हरायचे. पण हरण्याआधी दही खायचे.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी शरद ऋतूत एकाच सुमारास दोन बातम्या आल्या. रिंकची जमीन विकली गेली होती, हा हिवाळा शेवटचा. रिंक नाही तर टीम कुठली? कोचनी मुलांना जमवून सांगितलं की शिरासागी मार्चपर्यंत खेळेल आणि मग संपेल. दुसरी बातमी आमच्या घरची. अभयचं प्रोजेक्ट संपलं. वर्षअखेरीला पुण्याला परत. मी खरं सांगू? मला आनंद झाला. रिंक बंद पडली म्हणूनही झाला. पण आपण टीमच्या आधी निघतोय, ह्याचा जास्त झाला. मी बॅगा काढायला घेतल्या.

त्या रात्री जेवताना सानिका पोळीचा तुकडा हातात धरून बापाला काहीतरी म्हणाली. जपानीत. एरवीही ती अर्धं जपानीत बोलायची, आम्ही मराठीत उत्तर द्यायचो. पण हे वाक्य तिने माझ्याकडे पाठ करून, घाईने उरकलं. अभयचा हात ताटातच थांबला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही गं. नंतर बोलू."

"अभय, काय म्हणाली?"

तो पाण्याचा पेला फिरवत म्हणाला, "ती म्हणतेय की सीझन संपेपर्यंत ती राहील. मोरिता-सानांकडे. मार्चमध्ये मी येऊन घेऊन जाईन."

मोरिता-सानांकडे राहील. मुलाची खोली रिकामीच होती त्यांच्याकडे, तो होस्टेलला गेला होता. म्हणजे हे कुठेतरी आधीच ठरत आलेलं होतं. सकाळी उठून ती त्यांच्या दुकानावरच्या घरात दात घासणार, त्यांच्या हातचा भात खाणार, ताप आला तर त्यांचा हात कपाळावर. मार्चमध्ये विमानतळावर जे मूल माझ्या हाती येईल ते नक्की कुणाचं असेल? एवढ्या वर्षांत नाड्या गेल्या, जर्सी गेली, दही गेलं, भाषा तर केव्हाच गेली. आता उरलंसुरलं मूलच मागायला बसली होती ती बाई.

रविवारी सरावानंतर मोरिता-सान स्वतः घरी आल्या. हातात केकचा खोका. दारात बूट काढून नीट फिरवून ठेवले, सतरंजीवर गुडघ्यांवर बसल्या. रविवार असूनही अभय कामावर होता, प्रोजेक्ट आवरायचं होतं. त्यांचं मराठी शून्य, माझं जपानी बाजारहाटापुरतं. मध्ये सानिका. म्हणजे जिच्यावरून भांडण, तीच दुभाषी.

मोरिता-सान बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. सानिका म्हणाली, "त्या म्हणतायत, शेवटचा सीझन आहे. मी नसले तर टीम पूर्ण होत नाही. त्या माझी नीट काळजी घेतील. शाळेत पण त्याच सोडतील."

"आणखी काय म्हणाल्या?"

"एवढंच."

"एवढं बोलल्या आणि एवढंच?"

सानिकाने सतरंजीची दशी ओढली. "म्हणाल्या, की तुला किती वाईट वाटेल ते त्यांना कळतं."

मला ते वाक्य मुळीच आवडलं नाही. ह्या बाईला कळतं म्हणजे काय? मी चहा ढवळला. आलं घातलेला, कडक, दूध-साखरेचा, त्यांना जड जाणार हे माहीत असून केलेला. मग कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "त्यांना सांग, फार उपकार झाले. पण मुलीची काळजी घ्यायला मी आहे. मीच राहते मार्चपर्यंत. अभय पुढे जाईल."

सानिका माझ्याकडे बघतच राहिली. हे घरात कुणाशी बोलले नव्हते, मलाही ते तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. तिने भाषांतर केलं. करता करता तिचा आवाज चढत गेला, शेवटी ती आनंदाने जवळजवळ ओरडलीच. मोरिता-सानांनी दोन्ही हात जमिनीवर टेकून डोकं खाली लावलं. वर आल्या तेव्हा हसत होत्या. मी त्या हसण्यात निराशा शोधली. अगदी पुसटशी, डोळ्यांच्या कोपऱ्यात, सापडली. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

पुण्याला सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, की बघा, मुलीच्या खेळासाठी आई परदेशात एकटी राहिली, केवढा त्याग. मी कधीच कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. आजही सांगते, त्याग-बिग काही नव्हता. माझी मुलगी मी एका रात्रीसाठीसुद्धा दुसऱ्या बाईला देणार नव्हते. लोकांनी मातृप्रेमाची पुष्कळ रूपं वर्णन केली असतील, त्यात ह्या रूपाला जरा खालची जागा मिळते एवढंच.

पण तो हिवाळा! अभय गेला, सामान गेलं, घरात दोन गाद्या, एक खुर्ची, एक कुकर, एक हीटर. दोघी एकाच रजईत झोपायचो. तिचे पाय गार असायचे, ती ते माझ्या पोटऱ्यांना लावायची. सकाळी उजाडता उजाडता स्टेशनवर. गाडी नदीवरच्या पुलावर आली की मागच्या बाजूला फुजी दिसायचा, इतका स्वच्छ की कुणीतरी आत्ताच पुसून ठेवलाय असं वाटावं. सानिका खांद्यावर तिच्याहून मोठी पिशवी घेऊन दारापाशी उभी आणि काचेवर तिच्या श्वासाचं वाफेचं वर्तुळ. ते वर्तुळ मोठं व्हायचं, लहान व्हायचं. मी ते पाहत बसायची. कुणी मला विचारलं असतं, तुला काय हवंय, तर मी म्हटलं असतं, ही गाडी ग्योतोकुला थांबू नये.

ती थांबायची. मग बस, मग रिंकचं जाड रबरी दार, मग तो वास: बर्फ, रबर, घाम आणि मोरिता-सानांच्या दुकानातली वाफ. गुडघे वाजवणारी थंडी. आणि बाकावर, मांडीवर टॉवेल अंथरून, त्या.

त्या हिवाळ्यात मी नाड्या शिकले. गुपचूप. सानिका शाळेत गेली की तिची स्केट खुर्चीच्या पायात घालायची आणि मोरिता-सानांसारखी गुडघ्यांत धरून ओढायची. बोटांना चरे पडले. खुर्चीचा पाय एकदा निखळला, तेव्हा मला वाटलं आता जमलं. मार्चमधल्या शेवटच्या सामन्याची मी वाट पाहत होते. त्या दिवशी मी पुढे होणार होते, सगळ्यांदेखत तिचं पाऊल मांडीवर घेणार होते आणि विचारणार होते, थोडं दुखतंय?

तो दिवस उजाडला. रिंकमध्ये जुनी, मोठी झालेली मुलं आली होती, भिंतीवरच्या फोटोंतली. कुणाला दाढी, कुणाच्या कडेवर बाळ. दह्याची रांग दारापर्यंत गेली होती. मी घरून टॉवेल नेला होता. बाकाशी गेले तर मोरिता-सानही टॉवेल घेऊन उभ्या. आणि सानिका खाली वाकून, जीभ दातांत धरून, आपल्या नाड्या आपणच आवळत होती. टाच ठोकली, फुली ओढली, घोट्याशी दोनदा. उभी राहिली. "मला येतं आता," ती म्हणाली. मराठीत म्हणाली की जपानीत, ते मला आठवत नाही. मोरिता-सान आणि मी एकमेकींकडे न बघता आपापल्या टॉवेलची घडी करत राहिलो.

सामना हरले, हे सांगायला नकोच. शेवटची शिट्टी झाल्यावर मुलं ओळीने उभी राहिली आणि बर्फाला वाकून धन्यवाद म्हणाली. तशी ती नेहमीच म्हणायची. पण त्या दिवशी सानिकाने ग्लोव्ह काढला, खाली बसली, बोटं बर्फाला लावली आणि मग कपाळाला. पुस्तकाला पाय लागला की मी तिला करायला लावायची, तसं. कुणी सांगितलं नव्हतं.  हे कुशिरोचं नव्हतं, हे घरचं होतं. मी वळून मोरिता-सानांकडे पाहिलं, त्यांनी पाहिलं की नाही ते बघायला. तेवढ्यात सगळ्या टीमने ग्लोव्ह काढले आणि एकेक करून खाली बसून बर्फाला हात लावून कपाळाला लावला. मग कोचनी. मग कठड्यावरून वाकून मोरिता-सानांनी. माझ्या वाट्याला आलेला आनंद पुन्हा सगळ्यांत वाटला गेला. काही आठवड्यांत यंत्रं बंद झाली, बर्फ वितळून गटारात गेला आणि शिरासागी नावाची टीम संपली. तिच्यावर मनसोक्त चिडून व्हायच्या आत संपली, हाच माझा तिच्यावरचा खरा राग.

पुण्यात सानिका मोठी झाली, मराठीतच बोलायला लागली, माझ्याशी भांडायला लागली. मला वाटलं, आली परत. मग कॉलेज झालं आणि एक दिवस म्हणाली, "आई, मला जपानमध्ये जॉब मिळालाय." घर घेतलं ते कुठे? निशी-कसाईला नाही, जिथे आपली माणसं आहेत. ग्योतोकुला. ड्राय-क्लीनिंगच्या दुकानापासून चालत जाता येईल असं.

गेल्या आठवड्यात ते दुकान बंद झालं. कोचना आता काम होत नाही. दोघं कुशिरोला परत निघाली, कोचच्या भावाच्या घरी, कायमची. सानिकाने अर्धा दिवस रजा काढली. मी सकाळी दह्याचा डबा घेतला. हल्ली झाकणाखाली साखरेची पुडी मिळत नाही, म्हणून कागदात साखर बांधून घेतली. का घेतली? निघणाऱ्या माणसाच्या हातावर ठेवतात म्हणून. आणि निदान एकदा तरी ही गोष्ट माझ्या हाताने, माझ्या पद्धतीने व्हावी म्हणून. हातावर. चमच्याने तोंडात नव्हे.

टॅक्सी दारात उभी होती. मोरिता-सान दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या, केस पांढरे, गाल तेवढे अजून लाल. मी डबा उघडला, साखर घातली, जवळ गेले. "हात," मी माझ्या तुटक्या जपानीत म्हटलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, डोळे मोठे केले आणि आ केला. आ करून बसल्या, त्या शेवटच्या रांगेतल्या पोरांसारख्या. मागे कोचनीही आ केला.

मी काय करणार? भरवलं. दोघांनाही, चमच्याने.

मग सानिकाचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एक नाडी सुटलेली होती. ती ऑफिसच्या कोटासकट थंड फरशीवर बसली, मोरिता-सानांचं पाऊल उचलून आपल्या मांडीवर घेतलं. टाच बसवली. बोटांपासून वर एकेक फुली आवळत आली. "थोडं दुखतंय?" तिने विचारलं. मोरिता-सान हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. सानिकाही रडत होती. पुण्याला परतताना विमानतळावर ती मला मिठी मारते, पण अशी रडत नाही.

मी आपल्या पायांकडे पाहिलं. जपानमध्ये सारखे बूट काढावे-घालावे लागतात म्हणून मी नेहमी पाय सरकवायचे बूट घेते. त्यांना नाड्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटी निशी-कसाईला गेले आणि नाड्यांचे बूट घेतले. दुकानदाराने मला घालून दाखवले, मी म्हटलं, बांधू नका, तसेच द्या.

आज सकाळी सानिका ऑफिसला निघायच्या वेळेला मी ते घालून दारातल्या पायरीवर बसले. नाड्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या.

"तू कुठे निघालीस?" तिने विचारलं.

"कुठे नाही. जरा खाली चक्कर मारते. एवढं बांधून दे, मला वाकवत नाही."

रोज सकाळी तिच्यादेखत मी जमिनीवर मांडी घालून बसते, पायाचे अंगठे धरते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग बॅग खाली ठेवली, गुडघ्यावर बसली आणि माझं पाऊल मांडीवर घेतलं. टाच मागे ठोकली. ओढत, आवळत वर आली, घोट्याशी जरा थांबली.

"थोडं दुखतंय?"

दुखत होतं. चांगलंच दुखत होतं.

"नाही," मी म्हटलं. "अजून ओढ."